बाबांचा वस्तरा आणि माझे गाल

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा कसे आहेत म्हणून विचारतेस. बाबा आहेत तसेच आहेत. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राहतो, बोलणं अर्ध्यावर अडतं. पण सध्या त्यांच्यापेक्षा माझा चेहरा बघवत नाही, आणि त्याला कारण त्यांची दाढी.

झटका आल्यापासून ती वाढतेच आहे. मी साधं रेझर आणलं, ते डाव्या हातानं लोटून दिलं. मशीन आणलं, तर त्याचा आवाज ऐकूनच डोळे मिटले. न्हाव्याला घरी बोलावलं, तर भिंतीकडे तोंड केलं. वाकडा झालेला ओठ परक्यानं बघायला नको. आणि या अवतारात व्यायामासाठी दवाखान्यात यायलाही तयार नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता आळस केला तर हात आखडेल. शेवटी ही म्हणाली, त्यांना काय हवंय ते त्यांनाच विचारा की. विचारलं. त्यांनी कपाटाकडे बोट केलं. आत त्यांचा वस्तरा.

मी जन्मात वस्तरा धरलेला नाही. आधी स्वतःवर शिकावं म्हणून न्हाणीघराचं दार लावून बसलो, तो हनुवटीला चिकटपट्ट्या लावूनच बाहेर आलो. चष्म्याच्या दुकानात मला गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाक आणावं लागतं. आज एक बाई नंबर तपासायचं विसरून माझीच विचारपूस करत बसल्या. तुझा वॉर्डात पेशंटांच्या दाढ्या करण्यात हात बसलाय. माझं काय चुकतंय ते सांग.

लोभ आहेच, वाढवायचा असेल तर उत्तर लवकर पाठव.

तुझा,
धाकटा

---

दि. ९ जून

चि. घायकुत्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नर्सांच्या खोलीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. नंतर बाबांचं भिंतीकडे वळणं डोळ्यांपुढे आलं आणि चहा गेला नाही.

गरम पाण्याचा टॉवेल गालावर ठेवला होतास का? नसशीलच. केस मऊ झाल्याशिवाय पातं लावायचं नाही. फेस दाट हवा. वस्तरा गालाला जवळजवळ टेकलेला, त्याची पाठ जराशीच उचललेली. तू नक्की कुदळीसारखा उभा धरला असशील. दुसऱ्या हातानं कातडी ताणायची, केस वाढतात त्या दिशेनंच फिरवायचा आणि जोर अजिबात द्यायचा नाही. पहिले काही दिवस फक्त गाल. हनुवटीच्या वाटेला जाऊ नकोस, ती तुझ्यासारखीच अडेल आहे.

गालांना जप, बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई

---

दि. १५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस ते सगळं केलं. टॉवेल, फेस, सगळं. तरी वस्तरा केस कापत नाही, उपटतो. डोळ्यांतून पाणी येतं. धार लावावी म्हणून बाबांच्या चामडी पट्ट्यावर घासला, तर पट्टाच कापला गेला. तो घेऊन खोलीत गेलो. बाबांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. मी तसाच बाहेर आलो. आता मला या दाढीचा, वस्तऱ्याचा आणि खरं सांगू का, बाबांचाही वैताग आलाय.

रागावलीस तरी लिहीत जा.

धाकटा

---

दि. २० जून

चि. घायकुत्यास,
अ. उ. आ.

पट्ट्यावर वस्तरा पाठीकडून ओढायचा, धार मागून यायला हवी. तू धार पुढे घातलीस. आता ती गेलीच असेल. आधी धारवाल्याकडून नीट लावून आण.

आणि दार लावून काय शिकतोस? ज्यांनी उभ्या जन्मात दुसरं काही वापरलं नाही ते पलीकडच्या खोलीत पडून आहेत. आरसा घे आणि त्यांच्यासमोर बस.

आशीर्वाद पुष्कळ, अक्कल थोडी पाठवते आहे.

ताई

---

दि. २७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धार लावून आणली आणि त्यांच्या पलंगाशी स्टूल टाकून बसलो. पहिलाच हात फिरवला तर बाबा वैतागून गुरगुरले. माझं मनगट धरलं आणि वस्तरा आडवा केला. मग डावा अंगठा माझ्या कानापाशी रोवून गाल वर ओढला. वस्तरा सरसर उतरला, काही कळलंसुद्धा नाही. बाबांनी माझ्या गालाला हात लावल्याला किती वर्षं झाली असतील, मला आठवेना. मी मान हलवली नाही.

नंतर त्यांनी स्वतःच्या गालाकडे बोट केलं.

ताई, वाकड्या बाजूची कातडी सैल पडली आहे, ती त्यांनी दाखवली तशी अंगठा रोवून वर ओढून धरली. हिनं गरम पाणी सारखं बदललं. ओठाखाली जरा लागलं, तेव्हा ते काहीतरी पुटपुटले. मला वाटलं शिवी; ही म्हणते, चालेल म्हणाले. मग इस्त्रीचा शर्ट मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे बेतलेला माणूस, एकही बटण मला लावू देईना. पण दवाखान्यात आले.

तिथे व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं दाढी कुणी केली म्हणून विचारलं. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मी जरा ताठ झालो, तोच त्यांनी बोट वळवून स्वतःच्या छातीवर टेकवलं.

तू येशील तेव्हा त्यांचे गाल बघ, माझे बघू नकोस. लोभ दोघांवरही सारखाच ठेव.

तुझा,
धाकटा