विजयजींच्या ओळींवर माझं नाव

राजेंद्र नगर, इंदूर

ती. पांडुरंगमामांस,

यतीनचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? मामींचं मेतकूट पोचलं (रूममेटने पोह्यांवर भुरभुरून अर्धं संपवलं). माझी तब्येत ठीक; मन मात्र ठिकाणावर नाही.

तुमचे कॉलेजचे मित्र विजयजी, ज्यांच्या शब्दावर मला इथे नोकरी लागली, ते शुक्रवारी रिटायर झाले. ट्रकच्या बिल्ट्या (मालाबरोबर जाणाऱ्या पावत्या) छापणारं आमचं सॉफ्टवेअर म्हणजे त्यांचा दुसरा संसार. आता त्यांच्या विंडोजवर प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन न दिसणाऱ्या खुणा पडतात, माझ्या मॅकवर एकच. निरोपाच्या आदल्या दिवशी मी, कोणाला न विचारता, सगळ्या फाइलींतली ती जादा खूण झाडून काढली (इंदुरात राहून माणसाला सफाईची खोड लागते, दुसरं काय). मामा, एक अक्षर बदललं नाही. पण मशीनच्या लेखी ओळ न् ओळ बदलली, आणि जो बदलतो त्याचं नाव ओळीवर चढतं.

निरोपाला काकू, म्हणजे विजयजींच्या पत्नी, पहिल्यांदाच ऑफिसात आल्या होत्या, नवी साडी नेसून. आमची टीम लीड अनुष्का (हेतू चांगलाच होता बिचारीचा) म्हणाली, "काकू, देखो ना, सरजींनी किती लिहिलंय!" आणि मोठ्या स्क्रीनवर कोड लावला. ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव येतं. यतीन. यतीन. यतीन. तिने घाईघाईने पान खाली सरकवलं. तिथेही मीच. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि हळूच विचारलं, "अहो, मग तुम्ही काय करत होता इतकी वर्षं?"

सगळे हसले. विजयजीही हसले. "अच्छा है भिया, लडका मेहनती आहे," म्हणाले, आणि हातातली कचोरी तशीच बशीत ठेवली. तिथेच तोंड उघडलं असतं तर खुलासा झाला असता. मी समोसे वाटायला निघालो.

नंतर कळलं, त्या खुणांकडे दुर्लक्ष कर असं मशीनला सांगितलं की खरी नावं दिसतात. सगळीकडे विजयजीच. लॅपटॉप घेऊन सुदामा नगरला त्यांच्या घरी दोनदा गेलो, दोन्ही वेळा फाटकापर्यंत. अंगणात काकू मेथी निवडत होत्या. कोणत्या तोंडाने आत जाणार? तेव्हा मामा, एक फोन तुम्ही करा. पोराच्या हातून चूक झाली, एवढंच सांगा.

मामींना नमस्कार.

तुमचा,
यतीन

ता. क. – एक बारीकशी गोष्ट राहिली. ती खूण गेल्यापासून मानपुरच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा जुना प्रिंटर प्रत्येक ओळ आधीची संपली तिथून पुढे छापायला लागला. अर्धी बिल्टी कागदाबाहेर. खूण मी परत घातली, पण मालक म्हणतो, "विजयजी को भेजो. आप तो प्रिंटर को हाथ भी मत लगाना." बिल्टीवाचून ट्रक उभे आहेत. माफी आधी मागा, मानपुरचं मग काढा.

ता. क. २ – गाडी मी काढतो. काकूंनाही चला म्हणा. तिथे प्रत्येक जण विजयजींचंच नाव घेतो.