निपाणीहून परत आलेलं लुगडं

निपाणी,
आश्विन वद्य ११, शके १८५९

ती. जयवंता आक्का हिस धाकट्या परशरामचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. तंबाखूच्या वखारीत काम जोरात आहे, शिंकून शिंकून नाक लाल झालं आहे. मालकांनी भाऊबीजेला रजा दिली, पण मी येत नाही. रागावू नकोस. तुझं लुगडं आणि मोटारीचं भाडं दोन्ही एका पगारात बसत नाही. गेल्या वर्षी मी ताटात दोन आण्यांची चवली टाकली तेव्हा तुझ्या नणंदेने, मालुबाईने, तोंडाला पदर लावला होता. ते मी विसरलेलो नाही. भाड्याचे पैसे उडून जातात. लुगडं अंगावर राहील, चार बायका कौतुकाने विचारतील. इथल्या पेठेतलं सगळ्यात भारी निवडलं आहे. वखारीतले मारुतीराव तिकडे येत आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो.

आई गेल्यापासून दिवाळीला उटणं लावणारं कुणी नाही. तुझी फार आठवण येते. दाजींना नमस्कार. धाकट्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
परशराम

शहापूर,
कार्तिक शुद्ध ४

चि. परशराम यास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

लुगडं पोचलं. घडी उलगडली आणि मी हसतच सुटले. अरे वेड्या, हे आमच्याच हातमागावरचं आहे! श्रावणात पदराच्या पट्ट्यांना पिवळं रेशीम पुरलं नाही, म्हणून शेवटच्या पट्टीला मी नारिंगी रेशमाची कांडी भरून दिली होती. व्यापाऱ्याने त्यावरून तुझ्या दाजींशी हुज्जत घातली होती. तेच लुगडं निपाणी बघून घरी आलं. मग मात्र मला रडू फुटलं. लुगड्याला परतीची वाट सापडली, तुला सापडली नाही.

बीजेला ताट केलं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं मी अंगणात उभं राहून ओवाळलं, तू हातीपायी धड असताना. मालुबाई शेजारी होती. ती म्हणाली की वैनी, लुगडं लई भारी हाय, पण पाटावर बसाय ते काय माणूस न्हाय. आणि गेल्या वर्षी ती हसली नव्हती रे. तुझ्या सदऱ्याला तंबाखूचा वास होता, तिने शिंक दाबली होती. त्या शिंकेपायी तू वर्षभर कुढलास!

पौर्णिमेपर्यंत बीज चालते. रिकाम्या हाताने ये. आईबद्दल बोलायला मला तुझ्याशिवाय कोण उरलं आहे?

वाट बघणारी,
आक्का

निपाणी,
कार्तिक शुद्ध ९

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

मी मूर्ख आहे. नव्या चपलांचे पैसे मोटारीला ठेवले, जुन्यांना तळ मारून घेतला. त्रयोदशीला येतो. ताटात घालायला काही नाही, आधीच सांगतो. मालुबाईंसाठी सदरा धुऊन ठेवला आहे. बाकी भेटीत.

तुझा,
परशराम

शहापूर,
कार्तिक वद्य २

चि. परशराम यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळव. तू गेलास आणि घर एकदम मोठं झालं. दूध उतू गेलं की आई भांड्यालाच कशी रागवायची, त्याची तू केलेली नक्कल आठवून मी चुलीपुढे एकटीच हसते. तुझे दाजी म्हणतात की हिला काय झालंय.

ओवाळणीला तू खिसे चाचपून मोटारीचं तिकीट ताटात टाकलंस, तेव्हा सगळे हसले. ते मी कुंकवाच्या पेटीत ठेवलं आहे. भाड्याचे पैसे उडून गेलेले नाहीत बरं.

एक सांगायचं राहिलं. तू निघताना गळ्यात पडलास तेव्हा मी तेच लुगडं नेसले होते. सदरा धुतलास खरा, पण तंबाखू गेली नव्हती. लुगड्याला वास लागला आहे. नाकाशी धरलं की शिंक येते, तरी धुवायला टाकवत नाही.

माया लांबून पाठवू नकोस, घेऊन येत जा.

तुझी,
आक्का