विचारले असता गप्प राहिला

ठाणे,
दि. ४ एप्रिल १९८९

प्रति,
मा. अधीक्षक,
अभिलेख व पुस्तकबांधणी भांडार,
ठाणे.

अर्जदार : श्रीमती आवडाबाई परशुराम कोळी, राहणार खाडीकाठचा कोळीवाडा, ठाणे.

विषय : चि. गुणाजी परशुराम कोळी, तात्पुरता बांधणीकार, यास कामावर परत घेणेबाबत.

संदर्भ : आपला सेवा स्थगितीचा आदेश, दि. २० मार्च १९८९.

महोदय,

१. अर्जदार बाईंना लिहिता येत नाही. त्या बोलल्या ते टेंभी नाक्यावरील त्र्यंबक दामोदर चौबळ, निवृत्त अव्वल कारकून, यांनी सरकारी भाषेत बसविले आहे. जे बसले नाही ते बाईंच्याच शब्दांत ठेवले आहे. बाई चौबळांच्या घरी मासळी घालतात, एवढाच उभयतांचा संबंध.

२. बाईंचा मुलगा गुणाजी, वय २१, जन्मापासून मूकबधिर आहे. होडीवर एकाने मारलेली हाक दुसऱ्याला ऐकू गेली नाही तर जाळेही जाते आणि माणूसही, त्यामुळे कोळीवाड्यात त्याला कोणी होडीवर घेत नाही. त्यात कोणाचा दोष नाही. मूकबधिरांच्या शाळेत तो पुस्तकबांधणी शिकला. अपंगांसाठीच्या विशेष सेवायोजन कक्षाने त्याचे नाव धाडले आणि जानेवारीत आपण त्यास सहा महिन्यांच्या बोलीवर राखीव जागेवर घेतले. नेमणुकीचा कागद हाती पडला त्या दिवशी बाई वाड्यात दारोदार सांगत सुटल्या, "माज्या पोराला बी होडी गावली!"

३. आता मासळीविषयी. जाळे ओढायला जो हात लावतो त्याचा वाटा त्या दिवसाच्या मासळीतून निघतो, अशी वाड्याची रीत आहे. त्याला पगार म्हणत नाहीत आणि बक्षीसही म्हणत नाहीत. गुणाजीला काम शिकवणारे आपले शाखाप्रमुख हे बाईंच्या हिशेबी त्याच होडीतले, सबब त्यांचा वाटा निघाला. शुक्रवार, दि. १० मार्च रोजी बाई चार बोईट आणि ओंजळभर कोळंबी पानात बांधून कार्यालयात गेल्या. साहेब जेवायला उठले होते आणि टेबलाखाली मांजर घुटमळत होते. म्हणून बाईंनी पुडके टेबलाच्या खणात ठेवले, खण घट्ट लावला आणि कोणाला न बोलता निघून आल्या. वाटा पोचवताना गाजावाजा करायचा नसतो, असे त्या म्हणतात.

४. पुढे दुसरा शनिवार आणि रविवार आला. उकाडा मार्चचा. सोमवारी आपल्या शाखेने नाकाला रुमाल लावून व्हरांड्यात काम केले, खणातले कागद खराब झाले आणि शाखाप्रमुख माळकरी आहेत, हे सर्व अर्जदारास मान्य आहे. "मना काय ठाव त्ये मासली खात नाय? ठाव असता तर नारल आनला असता." बाई मनापासून माफी मागतात. खण घासून धुऊन देण्यास त्या दोनदा आल्या होत्या, परंतु त्यांना फाटकावरूनच परत लावण्यात आले.

५. फाटकावरच्या शिपायाने बाईंना पुडके आत नेताना पाहिले होते, त्यावरून आदेशात या मासळीला गुणाजीने दिलेली लाच म्हटले आहे. अर्जलेखकाने उभी हयात सरकारी कचेरीत काढली आहे. लाच नासेपर्यंत खणात पडून राहिलेली त्याने तरी कधी पाहिली नाही.

६. परंतु बाईंचे खरे गाऱ्हाणे चौकशीचे आहे. आदेशात लिहिले आहे : "कर्मचाऱ्यास मोठ्या व स्पष्ट आवाजात वारंवार विचारले असता तो गप्प राहिला, सबब त्यास आरोप मान्य असल्याचे समजण्यात येते." महोदय, ती जागाच मूकबधिरासाठी राखीव आहे. तो बोलला असता तर प्रमाणपत्र खोटे ठरून नोकरी तशीही गेली असती. त्यास चौथीइतके वाचता येते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे केला असता तर उत्तर मिळाले असते. साहेबांचा चेहरा लाल झालेला पाहून त्याला वाटले की आपले काम बिघडले. म्हणून चौकशीहून परत जाऊन त्याने त्या दिवशी शिवलेले रजिस्टर उसवले आणि पहिल्यापासून पुन्हा शिवले. हे त्याने घरी खुणांनी सांगितले तेव्हा बाईंना रडू आवरले नाही.

७. स्थगितीचा आदेश टपालाने घरी आला. बाईंनी तो चौबळांकडून वाचून घेतला आणि लपवून ठेवला. गुणाजीला तो अद्याप माहीत नाही. तो रोज इस्त्रीचा सदरा घालून, डबा घेऊन निघतो आणि शिपाई त्याला फाटकावर अडवतो. उशिरा येणाऱ्यांना फाटकावर अडवतात, हे त्याने पूर्वी पाहिले आहे. त्यामुळे आपल्याला उशीर होतो अशी त्याची पक्की समजूत झाली आहे आणि तो रोज आदल्या दिवसापेक्षा लवकर निघू लागला आहे. काल तो तांबडे फुटायच्या आत फाटकाशी जाऊन उभा होता. बाई म्हणतात, "असाच चालला तर यो घराला येयाचाच नाय." त्यांना घरात स्वस्थ बसवत नाही, आणि अर्जलेखकालाही त्या बसू देत नाहीत.

८. तरी विनंती की, चौकशी लेखी प्रश्नोत्तरांनी पुन्हा व्हावी आणि गुणाजीस कामावर घ्यावे. दंड करावयाचा तर मासळी ठेवणारीस करावा. यातले काहीच होण्यासारखे नसेल, तर आपण स्वतः एक दिवस सकाळी फाटकापर्यंत यावे आणि त्याला काढून टाकले आहे हे त्यास कळेल असे सांगावे. त्याच्या खुणा सोप्या आहेत, त्या बाई आपणास शिकवतील. त्यांनी स्वतः दोनदा सांगायला घेतले. दोन्ही वेळा त्याने रिकामा डबा पुढे केला आणि त्यांनी तो भरून दिला.

आपल्या निकालाकडे डोळे लावून बसलेली,

आवडाबाई परशुराम कोळी
(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)

हस्ते : त्र्यंबक दामोदर चौबळ