सोळा तासांचं टाइमटेबल

२८ जुलै, सोमवार
लेकीचा, प्रियदर्शनीचा, न्यू जर्सीहून फोन. सुट्टीला आलेल्या नातीला, म्हणजे आमच्या सात वर्षांच्या स्वरालीला, परत सोडायला मीच जायचं ठरलं. आमच्या सौ. मंदाकिनीचे गुडघे नाही म्हणाले. लेकीने अट घातलीय. सोळा तासांचा प्रवास नीट पार पडला, तर पोर दर सुट्टीत पुण्याला येईल. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तिकडचा समर कॅम्प.
माझ्यावर अविश्वास! एकेका वर्गात साठ कार्टी गप्प बसवलेला माणूस मी. शाळेचं टाइमटेबल सतरा वर्षं मीच लावलं. इथे तर एकच पोर, तीही पट्ट्याने बांधलेली.
विमानात मी अजून बसलेलो नाही. तो मुद्दा गौण.

३० जुलै, बुधवार
टाइमटेबल तयार. पहिला तास पाढे, दुसरा भेंड्या, तिसरा चित्रकला, मग छोटी सुट्टी. १ ते ४ सक्तीची विश्रांती. दर तासाला टोल. निरोपसमारंभात शाळेने दिलेला पितळी टोल, हातोडीसकट, अखेर कामी येणार.
स्वरालीने विचारलं, मूव्ही कधी? सीटसमोर स्क्रीन असतो म्हणे. त्यावर रुमाल टाकू.

२ ऑगस्ट, शनिवार
रंगीत तालीम. हॉलमध्ये डायनिंगच्या खुर्च्या ओळीने मांडून, कमरेला पंचे बांधून बसलो. मंदाकिनीला एअर होस्टेस केलं. ती म्हणाली, चहा हवा असेल तर उठून करून घ्यावा आणि मलाही द्यावा.
पस्तीस मिनिटांत माझी पाठ धरली. तालीम यशस्वी समजून आटोपली. स्वराली तिथेच बसून चित्र काढत होती. तास संपला तरी उठत नाही. शिस्त कमी आहे.

६ ऑगस्ट, बुधवार
हवेतल्या धक्क्यांची सवय हवी, म्हणून कोथरूड ते वाघोली बस, न उतरता परत. वाघोलीला कंडक्टर म्हणाला, काका, शेवटचा स्टॉप. आमची प्रॅक्टिस चाललीय म्हटल्यावर म्हणाला, मग प्रॅक्टिसचं परतीचं तिकीट काढा.
विमानात कान दुखू नयेत म्हणून स्वरालीसाठी पाव किलो लिमलेटच्या गोळ्या घेतल्या होत्या. मला मळमळल्यामुळे संपल्या. पोरीने माझी पाठ चोळली. गुणी आहे. माझंच वळण.

११ ऑगस्ट, सोमवार
सीटला अडकवायची पाटी रंगवली. १ ते ४ विश्रांती. कृपया उठवू नये. कारण विचारू नये. खाली इंग्रजीतही. विमानवाल्यांना दुपारची कदर असेलच असं नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार. मुंबई विमानतळ, सकाळी ८
सिक्युरिटीने हातोडी काढून घेतली. टोल नेऊ दिला. आता वाजवू कशाने? स्वराली म्हणाली, जेवणाबरोबर चमचा मिळतो.

१०.२०, विमानात
उडालो. कान! अरे देवा, कान! स्वरालीने दप्तरातलं च्युइंगगम दिलं आणि हात धरायला सांगितला. तिला धीर यावा म्हणून घट्ट धरला. डोळ्यांतून पाणी आलं. एसी फार.

१२.४०
पहिला तास अजून सुरू व्हायचाय. धक्के. हे वाघोलीच्या बसचे धक्के नव्हेत. पुन्हा एसी. एअर होस्टेसकडे मध्ये कुठे उतरता येतं का विचारलं. नुसती चौकशी.

४.१०, पुण्याची वेळ (घड्याळ बदलणार नाही)
जाग आली. भूक भयंकर. एअर होस्टेसने पाटी तंतोतंत पाळली, जेवणाची गाडी मला न उठवता पुढे गेली. पाटी फक्त आजोबांना लागू, असं सांगून स्वराली मात्र जेवली. माझ्यासाठी एक गुलाबजाम ठेवलाय. तिचा दुसरा सिनेमा चालू. स्क्रीनवरचा रुमाल माझ्या डोळ्यांवर होता.

७.३०
स्वरालीने माझा हात धरून भेंड्या सुरू केल्या. तीनदा हरलो. म्हणजे पोरीला रमवण्यात मी यशस्वी.

१३ ऑगस्ट, बुधवार. न्यू जर्सी
लेक विमानतळावर आली होती. प्रवास कसा झाला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत स्वराली म्हणाली, आजोबा खूप शहाण्यासारखे वागले, फक्त दोनदा रडले.
निकाल लागला. स्वराली दर सुट्टीत पुण्याला येणार. जिंकलो!
फक्त यापुढे ती एकटी येणार. मुलांना सांभाळून नेणारी माणसं विमान कंपनीकडेच असतात म्हणे. माझ्या परतीच्या प्रवासासाठी त्यांच्यातलं कुणी मिळेल का, ते लेक विचारतेय.

३० ऑगस्ट, शनिवार
उद्या परत. एकटा. स्वरालीने खिशात कागद घातलाय. पहिला तास च्युइंगगम. दुसरा तास मूव्ही. तिसरा तास जेवण, पाटी लावू नये. चौथा तास, रडू आलं तर शेजारच्यांचा हात धरा, पण आधी विचारा. टोल वाजवायला घरातला चमचाही दिलाय. खाली सही, वर्गशिक्षिका.
तीनदा तपासलं. सतरा वर्षं टाइमटेबल लावलंय मी. एकही चूक सापडली नाही.