शालनताईंचं ताट

बारामती, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९९८. संध्याकाळ.

पाय भरून आलेत. दवाखान्यातली पाळी संपवून लासुर्ण्याला शालनताईंकडे गेले होते. त्यांची सतरा वर्षांची रेखा खाणं टाकून बसली, म्हणून आमच्या डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. घरच्यांना समजावायचं काम माझ्याकडे. काय समजावणार? मलाच कितीसं कळतं?

रेखाचे वडील, तात्या, तिचा घास न् घास मोजतात. आज पुन्हा म्हटलं, "तात्या, मोजू नका. नुसते सोबत जेवा."

"सिस्टर, पोर वाळत चाललीय अन् मी गप जेवू व्हय?"



तेवढ्यात शालनताईंनी हंडा उतरवायला हात वर केला आणि बांगड्या पार कोपरापर्यंत घसरल्या. मी विचारलं, "ताई, तुम्ही कधी जेवलात?"

"तिनं न्हाय खाल्लं की माझ्या बी घशाखाली उतरत न्हाय."

पाच महिने मी रेखाचंच वजन लिहून घेतेय. त्या बांगड्या मला कशा दिसल्या नाहीत?

मीच चुलीपुढं बसले. दोन ताटांत पिठलं-भाकरी वाढली. म्हटलं, "मी एकटी जेवणार नाही." ताईंनी रडत रडत अर्धी भाकरी खाल्ली. रेखा दारातून बघत होती. मग आईजवळ येऊन बसली. खाल्लं काही नाही, पण आईला आणखी पिठलं वाढलं.

स्वतः न खाता आईला वाढणं ही सुधारणा की आजाराचंच एक रूप, सांगता येत नाही. आई जेवली, एवढं खरं.