दारातल्या ओकचं तिसरं बूच

१४ जुलै
ठरलं. दारातल्या ओकचं बूच, म्हणजे त्याची जाड साल, यंदा मी स्वतः काढणार. जन्मभर रिमवरून टायर उतरवले, एकालाही चरा नाही. झाड म्हणजे तरी काय? उभं टायर.
सासऱ्यांनी हे रोप बकऱ्यांपासून राखायला स्वतःच्या खाटेच्या लोखंडी पट्ट्या भोवती रोवल्या आणि जमिनीवर झोपले. पहिल्या दोन खेपांचं बूच खरबरीत, बाटलीला चालत नाही. तिसऱ्या खेपेचं खरं. घरच्या वाईनच्या बाटल्यांना तेच लावा, म्हणाले आणि गेले. ही तिसरी खेप. बायकोनं, एर्मीन्यानं, बाटल्या धुवून ठेवल्यात.

१६ जुलै
मेव्हणा अबीलियु आला. म्हणाला, दाजी, आधी बुचाचा ओक कुठला ते तरी दाखवा. मागे तुम्ही अझिन्येरावर कुऱ्हाड उगारली होती. खोटं. नुसता बघत होतो. अझिन्येरा हाही ओकच, पण साल पातळ, बारीक भेगांची. फळं गोड, डुकरं आधी तिकडे धावतात. बुचाच्या ओकची फळं कडवट. मला सगळं माहीत आहे.
तो म्हणाला, डुकरांनाही आहे.

१९ जुलै
बूच काढणारी टोळी आली. बाकी झाडं सोलली, खोडांवर चालू वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगानं काढला: ३. आता नऊ वर्षं त्यांना कुणी हात लावायचा नाही. दारातल्या झाडापाशी मात्र मुकादम बाल्ताझार थबकला. पूर्वेचा गरम वारा सुटलाय, झाडानं साल घट्ट धरलीय, पुढच्या वर्षी बघू, म्हणाला.
नंतर स्वयंपाकघरात कुजबुज. माझे कान तिखट. एर्मीन्या बाल्ताझारला म्हणत होती, यांना काही बोलू नका, हट्टाला पेटतील.
मी हट्टी नाही. उद्या ती बहिणीकडे जातेय.

२० जुलै, सकाळी
बस गेली. वारा आहे. पूर्वेचाच कशावरून?
कुऱ्हाडीचा आवाज पोकळ आला की साल सुटते. कोरडा आला की झाड नको म्हणतंय. पहिला घाव. जरा कोरडा. कुऱ्हाड नवी आहे.

थोड्या वेळानं
सुटली! जोर लावावा लागला, एवढंच.

दुपारी
आतलं कातडंही सालीबरोबर आलं. हातभर रुंद, पांढरं लाकूड उघडं पडलंय. बूच पुन्हा येतं. ते कातडं येत नाही.

संध्याकाळी
तुकडा जागेवर बसवला, तारेनं आवळला. लांबून काही कळत नाही. वर भोपळ्याचा वेल सोडला. छान दिसतो.

२२ जुलै
एर्मीन्या आली. स्वयंपाक, बहिणीच्या गप्पा. तिच्या काही लक्षात आलं नाही.
मग अबीलियु. अहो दाजी, झाडाला कमरपट्टा कुणी शिवला? मी म्हटलं, उन्हाचा त्रास नको म्हणून.
ती उठली. तार सोडली. उघड्या लाकडावर तळवा ठेवला. मग विचारलं, आवाज कसा आला होता?
कोरडा, म्हटलं.
म्हणाली, म्हणजे ऐकू आला होता.

२७ जुलै
बाल्ताझार येऊन गेला. घाव खोडाभोवती पूर्ण फिरला नाही म्हणून आशा आहे, म्हणाला. ऑक्टोबरात पाऊस सुरू होईपर्यंत काही सांगता येणार नाही. बाटल्या पुन्हा माळ्यावर गेल्या.
दुपारी शेडमध्ये ठेवायला कुऱ्हाड उचलली. दांड्यावर पांढरा, ठळक आकडा: ३. एर्मीन्याचं अक्षर.
नऊ वर्षांनी मी ब्याऐंशीचा असेन.
रंग ओला होता. हाताला लागला.