स्फोट नसलेला सिनेमा

तीर्थस्वरूप मामा,

लांबूनच पाया पडते. (जवळ आले तर गुडघ्याच्या व्यायामाची चौकशी करीन आणि तुम्ही खोटं बोलाल.)

अणुभट्टीवरच्या सिनेमांना तुम्ही किती नावं ठेवता ते मला ठाऊक आहे. जन्मभर अणुवीजकेंद्रात नोकरी केलेल्या माणसाला हिरवा चमकणारा चिखल, लाल बटण आणि शेवटच्या क्षणी तार कापणारा हिरो दाखवला, तर तो चिडणारच. (भर थिएटरात "अहो, असं नसतं हो!" असं ओरडायचं मात्र कारण नव्हतं.) पण सध्या मी ज्याचं ध्वनीचं काम करतेय तो सिनेमा तसला नाही. श्रेय आमच्या दिग्दर्शिकेचं, आणि थोडंसं माझ्या वेंधळेपणाचं.

तिला धोक्याचा भोंगा हवा होता. ती ऐकायला घरी आली, आणि मी खिडक्या सताड उघड्या ठेवून तो मोठ्या स्पीकरवर लावला. बघता बघता अख्खी इमारत खाली! शिंपीदादा गळ्यात टेप घालून, मागे एका बाहीचा सदरा घातलेलं त्यांचं गिऱ्हाईक. वरच्या काकू अर्ध्या जिन्यातून गॅस बंद करायला परत वर. मामा, कुणी किंचाळलं नाही. सगळे एकमेकांना हळू आवाजात विचारत होते, "काय झालं?" आणि प्रत्येकाला वाटत होतं, शेजारच्याला माहीत असणार. मी माफी मागायला निघाले, तर दिग्दर्शिकेने माझा हात धरला. "थांब जरा. बघू दे."

(नंतर सगळ्यांनी मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

दुसऱ्या दिवशी तिने स्फोटाचं दृश्यच काढून टाकलं. निर्माता रडकुंडीला आला. "धडाडधूम नसेल तर बघणार कोण?" ती म्हणाली, "काल खाली उभे होते ते." आता पडद्यावर माणसं रस्त्यात उभी आहेत, वारा सुटलाय, आणि कुणालाच काही कळत नाहीये. वाऱ्याचा आवाज तेवढा माझा. मीच केलेला, तरी ऐकताना उठून खिडकी लावून घेते. निर्मात्याला दाखवलं, तर दिवे लागल्यावर तो म्हणाला, "पुन्हा लावा." आणि सिनेमात कंट्रोल रूममध्ये एक इंजिनिअर आहे. ना हिरो, ना व्हिलन. घामेजलेला हात पँटला पुसतो आणि पुन्हा आकडे वाचतो, इतकंच. मला तुम्हीच दिसलात.

तुमची,
भाची

ता. क. शनिवारी पहिला खेळ. नंतर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला खरा इंजिनिअर हवाय. याल का?

आणखी एक ता. क. तुम्ही येताय असं मी सांगून टाकलंय. पत्रिकाही छापून झाल्या.

शेवटचा ता. क. वरचं "याल का?" खोडलेलं समजा. मामी म्हणाली, "त्यांना विचारत बसू नकोस, नुसतं कळव."